मशीन काढून नदीत

आमच्या घरात ‘मशीन’ म्हटलं की ते एकच. माझ्या मुलीच्या कानामागे बसणारा बोटाच्या पेराएवढा तुकडा आणि त्याला बारीक वायरीने जोडलेली गोल चकती. ती चकती तिच्या केसांत लोहचुंबकाने चिकटते. माझी मुलगी जन्मापासून बहिरी आहे. लहानपणीच ऑपरेशन करून तिच्या डोक्यात, कातडीखाली, एक भाग बसवला. मशीन हा त्याचा बाहेरचा भाग. ते लावलं की तिला ऐकू येतं, ती बोलते, वर्गात भांडते, आजीच्या मालिकांमधल्या सासवांच्या नकला करते. काढलं की सगळं बंद. मग तिच्या कानाशी ताट आपटलं तरी ती मान वळवत नाही.

ऑपरेशननंतर नागपूरच्या धंतोलीतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला बजावलं होतं, मशीन भिजू द्यायचं नाही आणि डोक्याला मार लागू द्यायचा नाही. बाकी सगळं करू द्या, असंही ते म्हणाले होते. पण मी बजावलेलं तेवढं घेऊन घरी आले. खो-खो नाही, सायकल नाही, होळीला बाहेर नाही. तिच्या पप्पांनी मात्र ‘बाकी सगळं’ तेवढंच ऐकलं होतं. ते कळमेश्वरला एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. सुटीच्या दिवशी ‘जरा फिरून येतो’ म्हणून ते तिला घेऊन निघायचे. ती पोहायला शिकली हे मला कुणी सांगितलं नाही, तिच्या ओल्या वेणीवरून कळलं.

तिला बोलायला शिकवलं ते स्पीच थेरपीच्या बाईंनी. आरशासमोर बसवून, एकेक अक्षर, पुस्तकातली मराठी. त्यामुळे घरात आम्ही सगळे ‘मले-तुले’वाले आणि ती एकटी ‘मला-तुला’वाली. माझ्या सासूबाई तिला कौतुकाने ‘आमची पुण्याची पाहुणी’ म्हणतात.

तर या पाहुणीने नववीची परीक्षा संपली त्या दिवशी जेवताना जाहीर केलं, “मला राफ्टिंग करायचं आहे.”

तिच्या वर्गातली एक मुलगी कुल्लूला जाऊन आली होती आणि तिने व्हिडिओ दाखवला होता. आमचंही त्या वर्षी कुल्लू-मनालीला जायचं ठरत होतं. सासूबाईंना एकदा बर्फ बघायचा होता, आणि मे महिन्यातल्या नागपुरातून कुठेही पळून जायला मी तयार होते. पण हे मधलं राफ्टिंग मला कुणी सांगितलं नव्हतं.

“काय असते वं ते?” सासूबाईंनी विचारलं. नातीने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. सासूबाईंचं माहेर कन्हानच्या काठचं, नदीत खेळून त्या मोठ्या झालेल्या. त्यांनी सगळा व्हिडिओ मन लावून पाहिला आणि मोबाइल परत दिला.

“हा डोंगा व्हय का? याले तर बाजूच नाहीत बाप्पा. बसणार कुठं माणूस?”

“काठावर बसतात आजी. आणि हे सोपं असतं. लहान मुलं, म्हातारी माणसं, सगळे जातात. फॅमिलीसाठी वेगळी जागा असते.”

“पाणी काय फॅमिली पाहून वाहते?” मी म्हणाले.

“मी आहो ना सोबत,” तिचे पप्पा म्हणाले. “काहून घाबरून राहिली तू एवढी? पोट्टी पोहते माझ्याहून चांगली.”

“तिले ऐकू येणार आहे का तिथं? मशीन तर काढा लागन.”

हे मी तिच्या देखत म्हणाले. ती ताटातल्या वरणाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “शाळेच्या ट्रिपला हेच म्हणाली होतीस. स्काउटच्या कॅम्पला पण.” आणि उठून हात धुवायला गेली.

शेवटी ‘तिथं गेल्यावर बघू’ यावर ते थांबलं. आमच्या घरात याचा अर्थ तिचे पप्पा जिंकले असा असतो.

कुल्लूच्या खाली, जिथून राफ्ट सोडतात, तिथे आम्ही सकाळी ऊन वर आल्यावर पोचलो. बियास मी रस्त्यावरून दोन दिवस बघतच होते. रस्त्यावरून ती शोभेची वाटते. काठावर उतरल्यावर तिचा आवाज छातीत वाजायला लागला. पाणी राखाडी, घुसळल्यासारखं. वरचा बर्फ वितळत होता, त्यामुळे नदी भरून चालली होती. मी वाकून बोटं बुडवली आणि लगेच काढून घेतली. हाडापर्यंत कळ गेली.

आमच्या राफ्टचा गाइड पस्तिशीतला, उन्हाने रापलेला, कमी बोलणारा माणूस होता. आमच्यासोबत एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं, हातात अजून चुडा असलेली मुलगी आणि तिचा नवरा. गाइडने सगळ्यांना लाइफ जॅकेट आणि हेल्मेट चढवायला लावलं, पट्टे ओढून बघितले आणि हिंदीत समजावून सांगायला सुरुवात केली. तो राफ्टच्या मागच्या टोकाला बसणार. आम्ही पुढे तोंड करून बसणार. तो ओरडेल तसं करायचं. ‘आगे’ म्हणजे पुढे वल्हवा, ‘रुको’ म्हणजे थांबा, ‘अंदर’ म्हणजे वल्हं घेऊन आत खाली बसा.

“सब कुछ मेरी आवाज़ पर,” तो म्हणाला.

मी तिच्या पप्पांकडे बघितलं. त्यांनी घसा साफ केला आणि गाइडला सांगितलं की मुलीला मशीनशिवाय ऐकू येत नाही, आणि मशीन पाण्यात चालत नाही.

गाइड तिच्याकडे बघत राहिला. “फिर कैसे होगा, सर? मैं तो पीछे रहूंगा. उसको मेरा मुंह भी नहीं दिखेगा.”

तिच्या कानामागे मशीन अजून होतं. तिने सगळं ऐकलं. तिचे कान लाल झाले. नवी नवरी सहानुभूतीने तिच्याकडे बघून हसली, आणि माझी मुलगी असल्या हसण्याला फार भिते. मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. आता हा माणूस नाही म्हणेल आणि मला वाईटपणा घ्यावा लागणार नाही.

पण ती पुढे आली आणि गाइडला म्हणाली, “मम्मी मेरे पीछे बैठेगी. आप बोलेंगे तो वो मुझे हाथ से बताएगी.” मग माझ्याकडे वळून मराठीत, “खांद्यावर एक थाप म्हणजे पुढे. दोन म्हणजे थांब. जॅकेट खाली ओढलं म्हणजे आत बसायचं. एवढंच आहे ना? तीनच तर गोष्टी आहेत.”

गाइडने काठावरच आम्हाला मागेपुढे बसवलं आणि मागून ओरडून बघितलं. तिने मुद्दाम मशीन बंद केलं होतं आणि डोळे मिटून घेतले होते. मी थाप मारली की ती वल्हं चालवायची, ओढलं की बसायची. एकदाही चुकली नाही. तो ‘ठीक है’ म्हणाला. ज्या गोष्टीवर मी मनातल्या मनात अडून बसले होते, ती गोष्ट माझ्याच हातावर आली.

मग त्याने पाण्यात पडलं तर काय करायचं ते सांगितलं. उताणं राहायचं, पाय वर आणि पुढे ठेवायचे, उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, कारण पाय खडकात अडकतो. आणि लांबून आवाज पोचत नाही, तेव्हा आपण ठीक असलो तर हात डोक्यावर ठेवून दाखवायचा. हे सगळं तो हातवारे करून सांगत होता. एवढा एकच भाग तिला आमच्याआधी समजला.

सासूबाई पाण्यात येणार नव्हत्या. जिथे राफ्ट बाहेर काढतात तिथपर्यंत त्या रस्त्याने जीपमधून जाणार होत्या. मुलीने हेल्मेट उतरवून मशीन काढलं, त्याच्या प्लास्टिकच्या डबीत ठेवलं, झाकण दाबून बघितलं आणि डबी आजीच्या हातात दिली. सासूबाईंनी ती पदरात गुंडाळली.

“सांभाळून जाय वं माय,” त्या म्हणाल्या. मुलीने त्यांच्या ओठांवरून वाचलं आणि मान हलवली.

मी तिच्या हेल्मेटचा पट्टा तपासला. मग पुन्हा तपासला. तिसऱ्या वेळी तिने माझा हात बाजूला केला.

पुढे डाव्या बाजूला तिचे पप्पा, उजव्या बाजूला ती. तिच्या मागे मी, माझ्या डावीकडे नवा नवरा, त्याच्यामागे त्याची बायको, आणि अगदी मागे गाइड. पाय राफ्टच्या फुगीर कडेखाली घट्ट रोवून बसा, असं त्याने सांगितलं होतं.

सुरुवातीचं पाणी खरंच सोपं होतं. गाइड ‘आगे’ म्हणाला, मी थाप मारली, तिचं वल्हं पाण्यात गेलं. ‘रुको’, दोन थापा, वल्हं थांबलं. देवदाराने भरलेले डोंगर दोन्ही बाजूंनी सरकायला लागले. पहिली लाट आली तेव्हा राफ्ट उचलली गेली आणि थंडगार पाणी आमच्या अंगावर आदळलं. नवी नवरी किंचाळली. माझी मुलगी मागे वळली, तिचा सगळा चेहरा ओला होता आणि ती तोंड उघडून हसत होती. मशीन नसलं की तिला स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही, त्यामुळे ती हसते ते कसंही, मोठ्याने, दबून न राहता हसते. असं हसताना मी तिला फार दिवसांनी बघितलं होतं.

पण मला त्याचा आनंद घेता येईना. माझं सगळं लक्ष मागच्या आवाजाकडे आणि पुढच्या खांद्याकडे. पाण्याच्या गोंगाटात गाइडचा शब्द अर्धाच यायचा. चुकलं तर? उशीर झाला तर? दुसऱ्या लाटेनंतर मी थाप मारणं सोडून तिच्या जॅकेटचा मागचा पट्टाच डाव्या मुठीत धरला. वल्हं एका हातात लोंबकळत राहिलं.

“मॅडम, दोनों हाथ से!” गाइड ओरडला. “बच्ची को छोड़िए!”

मी नाही सोडलं. तिला ते कळत होतं. तिने खांदा झटकला, मग वळून रागाने म्हणाली, “मम्मी, सोड. पप्पांचं वल्हं दिसतं मला. ते करतात तसं करते मी.”

मी मान हलवली आणि पट्टा तसाच धरून ठेवला.

पुढे नदी डावीकडे वळत होती. वळणावर पाणी पांढरं दिसत होतं आणि त्याच्या मधोमध एक काळा खडक होता, म्हशीच्या पाठीसारखा, पाण्याने गुळगुळीत झालेला. गाइड ‘आगे, आगे, ज़ोर से’ म्हणून ओरडला. तिच्या पप्पांनी जोर लावला, तिनेही त्यांचं बघून लावला. मी एका हाताने काय लावणार? राफ्ट खडकाच्या बाजूने निसटेल असं वाटत असतानाच तिचा डावा काठ खडकावर चढला. डावी बाजू वर, उजवी बाजू पाण्याकडे. गाइडचं ‘अंदर’ मला ऐकू आलं. मी पट्टा खाली ओढायला गेले, आणि तेवढ्यात माझ्या खालची जागा गेली.

मी मागे पडत होते. पाय रोवलेले नव्हते, ते सुटले. पण डाव्या मुठीत तिचा पट्टा होता. मला स्पष्ट दिसलं की तिची पाठ माझ्याकडे वाकते आहे. तिचे पाय कडेखाली अडकलेले होते, ती बसायला खाली जात होती आणि मी तिला बाहेर ओढत होते. तिचं हेल्मेट मागे झुकलं. त्याच्या पलीकडे तो खडक होता.

मी मूठ उघडली.

पाणी किती थंड होतं ते सांगता येत नाही. श्वास घ्यायला तोंड उघडलं आणि तो आत आलाच नाही, बाहेरही गेला नाही. आधी सगळं करडं, मग हिरवट, मग करडं. कोपर कशावर तरी खरवडलं. लाइफ जॅकेटने मला वर ढकललं आणि डोकं बाहेर आलं, पण कानात पाणी भरलं होतं. आवाज असा कुठलाच नव्हता, सगळीकडे नुसता एकच दाब. मी तिचं नाव घेऊन ओरडले. कशासाठी, ते मलाही माहीत नाही. तिला ऐकू येणार नव्हतंच, मलासुद्धा माझा आवाज ऐकू आला नाही.

पाय वर, पुढे. ते कसं आठवलं कोण जाणे. मी उताणी झाले आणि मग मला राफ्ट दिसली. ती खडकावरून सुटून फिरत फिरत खाली येत होती, पण आमच्या मध्ये पांढऱ्या पाण्याचा पट्टा होता. गाइड उभा राहून हात हलवत होता, त्याचं तोंड उघडझाप करत होतं. नवरा-बायको आत गुडघ्यांवर पडलेले. तिचे पप्पा वल्हं मारत होते आणि वळून वळून बघत होते. आणि ती अजून पुढे तोंड करून, आत दबून बसलेली होती. मी शेवटी पट्टा खाली ओढला होता ना, म्हणजे बसायचं. ती बसली होती आणि पुढच्या थापेची वाट बघत होती.

मग तिने मागे वळून बघितलं. माझी जागा रिकामी होती.

तिने आधी राफ्टच्या आत बघितलं. मग पाण्यात. आमची नजर मिळाली ती मला अजून तशीच दिसते. ती उठली. राफ्टच्या कडेला गुडघा टेकवून तिने वल्हं आत टाकलं. पोहण्याच्या तलावाच्या काठावर ती जशी उडी मारायच्या आधी खाली वाकते, तशी वाकली.

मला त्या क्षणी पाण्याची भीती राहिली नाही. एकच भीती उरली. ती उडी मारणार. तिच्या डोक्यावर हेल्मेट आहे, पण त्या हेल्मेटखाली काय आहे ते मला माहीत होतं, आणि खाली किती खडक आहेत तेही आता माहीत होतं. तिच्या मागून गाइड जिवाच्या आकांताने ओरडत असेल, बसून राहा, उडी मारू नको. तिच्यापर्यंत काहीच पोचणार नव्हतं. आणि तिचे पप्पा वल्हं सोडून तिला धरायला गेले असते तर राफ्ट पुन्हा आडवी झाली असती.

मी हात पाण्यातून वर काढला. तो माझा नसल्यासारखा जड होता. तो मी डोक्यावर ठेवला आणि तसाच ठेवला. ठीक आहे. मी ठीक आहे.

मी ठीक नव्हते. माझ्या तोंडात पाणी जात होतं आणि पाय सारखे खाली ओढले जात होते.

ती थबकली. माझ्याकडे बघत राहिली. मग तिनेही आपला हात हेल्मेटवर ठेवला, आणि खाली बसून वल्हं उचललं.

पुढचं सगळं फार सावकाश झालं, निदान मला तसं वाटलं. गाइडने दोर फेकला, तो माझ्यापासून हातभर लांब पडला आणि वाहून गेला. वळणाच्या खाली नदी जरा पसरली, पाणी काठाकडे गोल फिरत होतं. राफ्ट तिथे आधी पोचली आणि त्यांनी ती तिथे रोखून धरली. तिचे पप्पा आणि ती, दोघांची वल्ही एकदम पडत होती, एकदम उठत होती. मी प्रवाहाबरोबर त्यांच्याकडे येत गेले. ती राफ्टच्या बाहेर अर्धी झुकली, तिच्या पप्पांनी तिचं जॅकेट मागून धरलं, आणि तिने वल्ह्याची मूठ माझ्याकडे पुढे केली. पहिल्यांदा माझी बोटं निसटली. दुसऱ्यांदा बसली. मग गाइडने मला दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यांनी धरून एखादं पोतं ओढावं तसं आत ओढलं आणि मी राफ्टच्या तळाशी पालथी पडले.

कुणीतरी माझी पाठ चोळत होतं. मी खोकत होते, थरथरत होते. डोकं वर केलं तर मुलगी समोर. तिने माझ्या दंडावर चापट मारली. मग आणखी एक. तिचा चेहरा ओळखू येत नव्हता एवढा वाकडा झाला होता.

“हात काहून सोडला?” ती ओरडली. “काहून सोडला हात? मले समजलंच नाही ना तू गेली ते! मी बसून राहिली होती तिथं! मी नुसती बसून राहिली होती!”

पुस्तकातली मराठी कुठल्या कुठे गेली होती. आजीसारखं, बापासारखं, माझ्यासारखं बोलत होती ती, स्वतःला न ऐकता, पूर्ण नदीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मी तिला जवळ घेतलं. दोघींची हेल्मेट एकमेकांवर आपटली आणि मी दचकून मागे झाले, त्यावर ती रडता रडता थोडी हसली.

पुढे अजून नदी बाकी होती. काठावर उतरायला तिथे वाट नव्हती, वर सरळ कडा होता. गाइडने मला मधे तळाशी बसवलं, राफ्टच्या कडेचा दोर धरायला दिला आणि तिला विचारलं नाही, तिच्या पप्पांना विचारलं, “बच्ची चला लेगी?” ते काही बोलायच्या आत ती आपल्या जागेवर जाऊन बसली होती. आता तिच्या मागे कुणी नव्हतं. पुढच्या लाटांमध्ये मी फक्त तिची पाठ बघत होते. ती मान किंचित डावीकडे ठेवून बसायची, पप्पांचं वल्हं हललं की तिचं हलायचं. एकदाही उशीर झाला नाही. मी दोर एवढा घट्ट धरला होता की नंतर मूठ उघडताना दुखली.

राफ्ट बाहेर काढली तिथे सासूबाई दगडांतून वाट काढत पाण्यापर्यंत आल्या होत्या. जीपमधून त्यांना मधला एक तुकडा दिसला होता, त्यात राफ्टवर एक माणूस कमी होतं. कोण कमी आहे ते दिसलं नव्हतं. उरलेला रस्ता त्या त्रिशरण-पंचशील म्हणत आल्या, असं जीपवाल्याने सांगितलं. त्याला शब्द कळले नव्हते, पण बाई काहीतरी म्हणत होत्या आणि थांबत नव्हत्या.

त्यांनी आधी नातीला चाचपून बघितलं, मग मुलाला, मग मला. माझं कोपर बघितलं, रक्त बघितलं, आणि आपल्या लुगड्याच्या पदराने ते दाबून धरलं.

“तूच पडली काय?” त्या म्हणाल्या. “अख्ख्या रस्त्यानं मले पोट्टीची काळजी. आन् पडली तू?”

मुलीने केस पुसले, डबी उघडून मशीन लावलं. चकती डोक्याला चिकटली आणि तिने नेहमीप्रमाणे डोळे मिचकावले. नदीतून बाहेर आल्यावर नदीचा आवाज तिला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला असणार. ती वळून पाण्याकडे बघत राहिली.

“एवढा आवाज होता?” तिने विचारलं.

संध्याकाळी आम्ही राहत होतो त्या घराच्या गच्चीवर मी शालीत गुंडाळून बसले होते. ती येऊन बाजूला बसली. म्हणाली, “मी उडी मारणारच होते.”

“माहीत आहे.”

“तू डोक्यावर हात ठेवलास म्हणून थांबले. तू खोटं सांगितलंस ना? ठीक नव्हतीस तू.”

“नव्हते,” मी म्हणाले.

मला वाटलं चिडेल. ती माझ्या शालीचं टोक ओढून आपल्या पायांवर घेत म्हणाली, “हात सोडलास ते मात्र आवडलं नाही मला.”

“तू पण आली असती माझ्यासोबत पाण्यात. डोकं आपटलं असतं.”

“तेच सांग ना मग. घाबरून राहिली होतीस सारखी, ते पण सांग. मला सगळं खांद्यावरच सांगतेस तू.”



दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहा पिता पिता विचारलं, आज पुन्हा जाता येईल का. तिचे पप्पा, ज्यांनी नागपुरापासून हे सगळं चालवलं होतं, त्यांनी कप खाली ठेवला. “नाही,” ते म्हणाले. “झालं तेवढं पुष्कळ झालं.” त्यांचे डोळे लाल होते. मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं की काल त्यांनी काय बघितलं. बायको पाण्यात, मुलगी उडी मारायच्या बेतात, आणि हातातलं वल्हं खाली ठेवायची सोय नाही. कुणाकडे जायचं हे त्यांनी ठरवलंच नव्हतं, नुसतं वल्हवत राहिले होते.

“जाऊ द्या तिले,” मी म्हणाले.

सासूबाईंनी आणि त्यांनी दोघांनीही माझ्याकडे बघितलं.

“तुम्ही जा सोबत. कालच्यासारखेच तिच्या बाजूले बसा. थापा-बिपा काही नको. तिले तुमचं वल्हं दिसलं म्हणजे झालं.”

“आन् तू?”

“मी आईसोबत जीपमध्ये.”

ते काही खुशीने गेले नाहीत. राफ्टमध्ये बसताना त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काल त्यांच्याकडे बघितलं होतं. जीप निघाली आणि रस्त्याच्या वळणांतून नदी दिसायची, नाहीशी व्हायची, पुन्हा दिसायची. तो काळा खडक ज्या जागी होता तिथे रस्ता डोंगराच्या आड जात होता, त्यामुळे तिथलं काहीच दिसलं नाही. सासूबाईंच्या मांडीवर डबी होती आणि त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर.

खाली पोचून आम्ही दगडावर बसलो. एक राफ्ट आली, ती आमची नव्हती. दुसरी आली, तीही नव्हती. सासूबाईंनी कनवटीची चण्याची पुडी काढून मला दिली, मी ती उघडली आणि तशीच धरून बसले. पुढे किती तरी वेळ नुसतं पाणीच येत होतं.

मग वळणावर निळी राफ्ट दिसली. पुढे दोघं होते. मी माणसं मोजली, पुन्हा मोजली, सगळी होती. काठाला लागल्यावर तिचे पप्पा दगडावर उतरले आणि तिथेच खाली बसले, पांढरेफटक. मुलगी चिखलातून धावत आली, आजीच्या मांडीवरची डबी घेतली, मशीन लावलं.

“मम्मी,” ती धापा टाकत म्हणाली, “खूप भूक लागली आहे. इथं मॅगी मिळते का?”